कल्हईवाला गेला, लेप राहिला : एका कढईची गोष्ट

ज्यांना ऐकायला निवांत वेळ मिळत नाही, किंवा एसटीत रेंज गेल्यामुळं ज्यांचा भाग अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'बरं का' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागचे काही भाग किल्ले, लढाया, निजामाचं राज्य असे झाले. आज इतिहास स्वयंपाकघरातला आहे. विषय आहे कढई. हसू नका, शेवटपर्यंत थांबा. कारण शेवटी तुम्हाला दुकानात जाऊन एक चांगली नॉनस्टिक कढई निवडता आली पाहिजे, आणि ती का निवडली हेही सांगता आलं पाहिजे.

दिवाळीची भेट

माझं गाव परळी वैजनाथ. नोकरी पुण्यात. तीन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आईचं उजवं मनगट दुखायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडं आजीच्या काळातली लोखंडी कढई. रिकामी उचलली तरी हात खाली जातो, मग भाजीनं भरलेली काय उचलणार? मी ऑनलाइन सेलमध्ये एक नॉनस्टिक कढई घेतली. एकावर एक तवा फ्री. कढई इतकी हलकी होती की मला वाटलं, झालं काम, आईचा त्रास संपला.

यंदा महाशिवरात्रीला घरी गेलो. गावात वैद्यनाथाच्या दर्शनाची गर्दी, घरात पाहुणे. आई सकाळी सुशीला करत होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, आमच्या मराठवाड्याचा नाश्ता. कढईत डोकावलो तर मधला काळा लेप निघून चांदीसारखा धातू दिसत होता. कडेला पापुद्रे सुटलेले. बूड फुगलेलं, त्यामुळं कढई शेगडीवर डुगडुगत होती.

म्हटलं, "आई, ही अजून वापरतीस?"

ती म्हणाली, "तू आणलेली हाय ना. टाकवत नाही."

मंडळी, त्या वाक्यानं मला गप्प केलं. सहाशे-सातशे रुपयांची वस्तू मी न बघता घेतली होती आणि ती तीन वर्षं जपत बसली होती. त्याच संध्याकाळी मी मोंढ्यातल्या भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सात कढया मांडल्या. ग्रॅनाइट, सिरॅमिक, हार्ड ॲनोडाइज्ड, ट्रायप्लाय, इंडक्शन बेस, पीएफओए फ्री... मला एकाही शब्दाचा अर्थ धड सांगता येईना. रिकाम्या हातानं परत आलो आणि वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की भांड्याला आतून लेप लावायची भानगड टेफ्लॉनच्या कितीतरी आधीची आहे. ती आपल्या आज्यांना पक्की माहीत होती.

पहिला लेप : कल्हई

पितळ आणि तांबं ही आपल्याकडची जुनी भांडी. उष्णता झटकन पसरवतात, टिकतात, पिढ्यान्‌पिढ्या चालतात. अडचण एकच. ताक, चिंच, टोमॅटो असं आंबट काही त्यात ठेवलं की धातू त्यात उतरतो, पदार्थाला हिरवट झाक येते, चव बिघडते, पोट बिघडतं. मराठीत त्याला खास क्रियापद आहे, कळकणं. "ताक कळकलं" असं म्हणणारी माणसं आता कमी झालीत, कारण कळकणारी भांडीच घरात राहिली नाहीत.

यावरचा उपाय कल्हई. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून भट्टी लावायचा, भाता मारायचा. भांडं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकायची. भप्पकन पांढरा धूर, नाकाला झोंबणारा वास. नवसागरानं धातू स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे धातूंच्या मानानं फारच लवकर. वितळलेलं कथील कापसाच्या किंवा कापडाच्या बोळ्यानं भांड्याच्या आत फिरवलं की काळवंडलेलं पातेलं बघता बघता आरशासारखं व्हायचं. मग पाण्यात बुडवायचं. चुर्रर्र!

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. ही कल्हई कायमची आहे असं कुणीही समजत नव्हतं. ती उडणार हे सगळ्यांना माहीत होतं. घासून घासून आत पितळ दिसायला लागलं की त्या भांड्यात आंबट शिजवायचं बंद. कल्हईवाला आला की पुन्हा लेप. म्हणजे लेप संपला हे ओळखायची खूण होती, तो परत लावणारा माणूस होता आणि तोवर काय करायचं याचा नियमही होता. कल्हईत दोष नव्हते असं नाही. कथलात शिसं मिसळलं तर तेच विष. पण व्यवस्था मात्र पूर्ण होती.

बीड आणि जर्मन

आता दुसरं भांडं, लोखंडाचं. माझे पुण्यातले मित्र मला विचारतात, "बिडाचा तवा तुमच्या बीडचा का?" नाही हो! बीड म्हणजे ओतीव लोखंड. साच्यात ओतून केलेलं, जड, ठिसूळ, आपटलं तर तडकणारं. आमच्या जिल्ह्याच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही, नुसता योगायोग आहे. आजीची कढई बिडाची नाही, ठोकून केलेल्या लोखंडाची आहे. असा लोखंडी माल घिसाडी लोक पाल टाकून, रस्त्याकडेला भाता लावून करत आलेत. विळा, खुरपं, पळी, झारा, सगळं.

या लोखंडी कढईला लेप कुठला? तर तेलाचा. तेलाचा पातळ थर लोखंडावर तापत राहिला की त्यातले रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक काळा थर तयार होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत हाही पॉलिमरच. तळण तळता तळता आजीनं घरच्या घरी नॉनस्टिक बनवली होती, फक्त तिला कुणी तसं नाव दिलं नाही. हा थर गेला तर पुन्हा तेल लावून तापवायचं, परत येतो. तोटा असा की चिंचेची आमटी त्यात काळी पडते, ओली ठेवली की गंज चढतो. आणि वजन! तिथंच आमची आई अडली.

तिसरं भांडं ॲल्युमिनियमचं. गावाकडं याला अजूनही 'जर्मन' नाहीतर 'जर्मल' म्हणतात. हा धातू स्वस्तात काढायची विजेची पद्धत 1886 साली अमेरिकेत हॉल यांनी आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न सांगता, शोधली. भारतात मद्रासच्या कला शाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. हलकं, स्वस्त, कल्हई नको. गरिबाच्या घरात हे भांडं शिरलं ते कायमचं. पण त्याला चिकटतं फार. पिठलं केलं की निम्मं कढईला.

आता बघा, तिन्ही भांड्यांची अडचण एका ओळीत सांगता येते. पितळ कळकतं, लोखंड जड, जर्मनला चिकटतं. नॉनस्टिक आलं ते या तिसऱ्या अडचणीवर.

पांढरी भुकटी

तारीख 6 एप्रिल 1938. अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य, ड्युपॉन्ट कंपनीची प्रयोगशाळा. रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रीजसाठी नवा वायू शोधत होता. त्यानं एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू येईना. रिकामं म्हणावं तर वजन तेवढंच. शेवटी नळकांडं कापलं. आत पांढरी, बुळबुळीत भुकटी. तिच्यावर कुठल्याही आम्लाचा परिणाम होत नव्हता आणि तिला काही चिकटत नव्हतं. हेच पीटीएफई, पुढं व्यापारी नाव टेफ्लॉन.

याचा पहिला मोठा उपयोग डोशासाठी झाला नाही. अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियमचा अतिशय जहाल वायू हाताळायचा होता, त्याच्या झडपा आणि सांधे झाकायला ही भुकटी लागली. स्वयंपाकघरात ती यायला फ्रान्समधलं एक घर कारणीभूत ठरलं. मार्क ग्रेगॉर नावाचा अभियंता मासेमारीच्या सामानावर हा लेप बसवायच्या खटपटीत होता. त्याची बायको कोलेत म्हणाली, त्यापेक्षा माझ्या भांड्यांना लाव की. साल 1954. ज्याला काहीच चिकटत नाही ते भांड्याला कसं चिकटवायचं, हा खरा पेच होता. ग्रेगॉरनं आम्ल लावून ॲल्युमिनियम बारीक खरबरीत केलं, त्या खाचांत भुकटी बसवली आणि तापवून पक्की केली. 1956 मध्ये कंपनी निघाली, टेफाल. टेफ्लॉनमधलं 'टेफ', ॲल्युमिनियममधलं 'आल'.

आपल्याच मराठवाड्यातली निर्लेप

आता घरी परत या, कारण पुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. भारतात नॉनस्टिक भांडी पहिल्यांदा बनवली कुणी? मुंबई, दिल्ली, कोलकाता? नाही. औरंगाबादनं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरनं. 1968 साली भोगले कुटुंबानं तिथं निर्लेप कंपनी सुरू केली, नानासाहेब भोगले हे तिचे संस्थापक. त्या काळात मराठवाड्यात कारखानदारी नुकती कुठं डोळे उघडत होती. इंग्रजी नाव न घेता त्यांनी आपल्या भाषेतला शब्द निवडला. निर्लेप, ज्याला काही लागत नाही, चिकटत नाही. संतसाहित्य ऐकलेल्या माणसाला हा शब्द नवा नाही. पाण्यात राहून न भिजणारं कमळाचं पान डोळ्यांसमोर येतं.

गंमत बघा, भाषेच्या हिशेबानं निर्लेप म्हणजे 'लेप नसलेलं', आणि भांड्याची सगळी जादू तर लेपातच!

हा शब्द इतका रुळला की कित्येक मराठी घरांत कुठल्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला 'निर्लेपचा तवा'च म्हणतात. माझ्या मावशीकडं, संभाजीनगरला, असा एक तवा होता. त्याचं लाकडी उलथणं वेगळ्या खिळ्याला टांगलेलं असायचं आणि त्या तव्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी घरात दहशत होती. पुढं 2018 मध्ये ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सनं घेतली. नाव मात्र टिकलं.

मावशीची ती दहशत तेव्हा आम्हाला अतिरेक वाटायची. आता कळतं की तिला लेपाचा स्वभाव समजला होता. आमच्या परळीच्या घरी मात्र भांडी राखेनं आणि तारेच्या घासणीनं घासायची सवय. थर्मलच्या गावात राखेची काय कमी, असा विनोदही आम्हीच करतो. चुलीची राख पितळेला, लोखंडाला उत्तम. नॉनस्टिकला ती सॅंडपेपर. आईनं माझी कढई तीन वर्षं तशीच घासली. चूक तिची नाही, तिला सांगणाऱ्याची होती. म्हणजे माझी.

खोक्यावर न छापलेला भाग

आता जरा गंभीर होऊ या. पीटीएफई बनवताना पूर्वी पीएफओए नावाचं एक रसायन मदतीला वापरायचे, त्याला सी-8 पण म्हणतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्युपॉन्टचा कारखाना होता. तिथल्या विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरं पटापट मरायला लागली. त्यानं रॉबर्ट बिलट या वकिलाला गाठलं आणि 1999 मध्ये खटला उभा राहिला. पुढं त्या भागातल्या सुमारे 69,000 लोकांचं रक्त तपासलं गेलं. शास्त्रज्ञांच्या समितीनं 2012 पर्यंत सहा आजारांशी या रसायनाचा संबंध असण्याची शक्यता नोंदवली, त्यात मूत्रपिंडाचा कर्करोग आणि थायरॉइडचे विकार होते. 2017 मध्ये हजारो दावे मिळून 67 कोटी डॉलरच्या वर तडजोड झाली. 2019 मध्ये 'डार्क वॉटर्स' हा सिनेमा यावरच आला. त्याच वर्षी स्टॉकहोम कराराच्या देशांनी पीएफओएवर जगभर बंधन आणायचं ठरवलं आणि 2023 मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

म्हणजे मावशीचा तवा विषारी होता का? इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पीएफओएचा सगळ्यात मोठा फटका बसला तो कारखान्यातल्या कामगारांना आणि शेजारचं पाणी पिणाऱ्यांना. परळीच्या माणसाला हे लवकर कळतं. वीज सगळ्या राज्याला जाते, राख आमच्या अंगणात पडते. घरात तयार तव्याचा एखादा पापुद्रा पोटात गेला तर पीटीएफई पचत नाही, तसंच बाहेर पडतं.

घरातला खरा धोका आच. साधारण 260 अंशांच्या वर हा लेप खराब व्हायला लागतो आणि 350 च्या पुढं त्याचे वायू सुटतात. ते हुंगलं की माणसाला तापासारखं येतं, आणि पाळीव पक्षी तर मरतात. रिकामी नॉनस्टिक कढई मोठ्या आचेवर दोन-चार मिनिटं विसरली तरी ही पातळी गाठता येते. म्हणून चायनीजच्या गाडीवर कधी नॉनस्टिक बघितलीय का? तिथं पातळ लोखंडाची कढई आणि भडकलेला बर्नर असतो. त्या आचेवर नॉनस्टिक टिकणारच नाही. घरी नॉनस्टिकमध्ये 'गाडीसारखे' नूडल्स करायचा हट्ट सोडा.

मग घ्यायची कशी?

एवढं वाचून झाल्यावर मी पुन्हा मोंढ्यात गेलो. या वेळी दुकानदाराला मीच प्रश्न विचारले. तुम्हीही विचारा.

पहिलं, आपण करतो काय? तळण, ठेचा, कडक परतणं, चुलीवरचा स्वयंपाक, यासाठी लोखंड किंवा स्टील. पिठलं, पोहे, सुशीला, उपमा, अंडाबुर्जी, कमी तेलातली भाजी, यासाठी नॉनस्टिक. एकाच कढईत सगळं करायचं असेल तर नॉनस्टिक घेऊच नका.

दुसरं, लेपाच्या आधी बूड बघा. पातळ पत्रा एका जागी भसकन तापतो, फुगतो, आणि लेप तिथंच पहिला जातो. माझ्या सेलच्या कढईचं हेच झालं. तीन मिलीमीटर किंवा जास्त जाडी मागा. जास्तीचं थोडं वजन चालेल, पण धरायला दोन बाजूंना दोन कान घ्या. लांब दांड्याच्या कढईचं सगळं वजन एका मनगटावर येतं. दोन कानांचं दोन हातांत वाटलं जातं. कान रिव्हेटनं पक्के बसलेत का, हलवून बघा.

तिसरं, शब्दांना भुलू नका. 'पीएफओए फ्री' म्हणजे बनवताना ते एक रसायन वापरलं नाही, लेप पीटीएफईचा असू शकतो. 'ग्रॅनाइट'मध्ये बहुतेक वेळा दगड नसतो, ठिपके असलेला तोच लेप असतो. सिरॅमिक लेपात पीटीएफई नसतं, तो जास्त आच सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा सहसा लवकर जातो. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग कडक केलेला. त्यावर वेगळा नॉनस्टिक लेप आहे की नाही, हे विचारून घ्या. इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा. नुसतं ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही.

चौथं, आयएसआय चिन्ह. 2024 मध्ये केंद्र सरकारनं स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी ते बंधनकारक करायचा आदेश काढला. ते आहे का बघा आणि बिल घ्या.

पाचवं, वापर. आधी तेल, मग गॅस. आच मध्यम. तेलातून धूर निघाला की समजायचं, जास्त झालं. उलथणं लाकडी. गरम कढई नळाखाली धरायची नाही. राख आणि तार लांब.

आणि शेवटचं, जे मला कल्हईवाल्यानं शिकवलं. हा लेप जाणारच. रोजच्या वापरात साधारण दोन-तीन वर्षं धरून चाला. घरोघरी फिरून तो पुन्हा लावून देणारा कुणी नाही, म्हणून खूण आपणच ठेवायची. आतला धातू दिसला की कढई बदलायची. कुणी दिली होती हे बघायचं नाही.

मी 24 सेंटीमीटरची, दोन कानांची, जाड बुडाची कढई घेतली. घरी आल्यावर आईनं ती दोन्ही हातांनी उचलून बघितली, परत ठेवली. म्हणाली, "ही किती दिवसाची?" मी सगळं सांगितलं, टेफ्लॉन, तापमान, दोन-तीन वर्षं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे कल्हईसारखंच की. फक्त कल्हईवाला नाही."

दोन दिवस वाचून मला जे कळलं ते तिला आधीच माहीत होतं. मग तिनंच मार्कर आणायला लावला आणि कानाच्या खाली तारीख लिहून घेतली. जुनी कढई भंगारवाल्याकडं गेली. आजीची लोखंडी कढई मात्र फळीवरच आहे. भजी करायची असली की ती खाली उतरवायचं काम घरात जो धडधाकट असेल त्याचं, हा आमच्या घरचा नवा नियम. मी गेलो की माझं.

तर मंडळी, आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, कढई कशी आहे? आतून धातू दिसतोय का? आणि घरात कुणाला कल्हईवाल्याची आठवण असेल तर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात आपण ते ऐकू. तोवर काळजी घ्या, आणि आच मध्यम ठेवा!